काकांचा डावा हात: पन्नास वर्षं जुन्या स्पीकरची दुरुस्ती

मागच्या ऑगस्टमध्ये काकूंचा फोन आला. "अरे, घर विकायला काढलंय. पंधरा ऑक्टोबरला चावी द्यायची आहे. बेसमेंटमध्ये ह्यांचे ते दोन मोठे स्पीकर पडलेत. तुला हवेत का? नाहीतर जातील कचऱ्यात."

काकू आमच्या नात्यातल्या नव्हेत. बॉस्टनच्या पश्चिमेला, आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर राहतात. इथे नवीन आलेल्या आमच्यासारख्या कित्येकांना त्यांच्या घरी पहिलं वरण-भात मिळालं, म्हणून त्या सगळ्यांच्याच काकू. काका १९७१ साली इथे शिकायला आले. नोकरी लागल्यावर १९७४ मध्ये त्यांनी गाडीच्या आधी स्पीकर घेतले. हे काकू आजही जरा तक्रारीच्या सुरातच सांगतात.

काका हौशी तबलजी होते. शनिवारी त्यांच्या दिवाणखान्यात बैठक भरायची. गाणारे मित्रमंडळींपैकीच, पेटीला कोणीतरी मिळायचं, तबल्यावर मात्र काका ठरलेले. अशा पंधरा-वीस बैठकी कॅसेटवर आहेत. काका जाऊन सहा वर्षं झाली. मुलाने मध्यंतरी सगळ्या कॅसेट संगणकावर घेऊन आईच्या फोनवर पाठवल्या.

मी स्पीकर बघायला गेलो तेव्हा काकूंनी त्यातली एक ऐकवली. १९८१ ची दिवाळी, बागेश्री, तीनताल. थोडा वेळ ऐकून त्यांनी फोन बाजूला ठेवला. "गाणं ऐकू येतं, पेटी ऐकू येते. तबल्याची चाटही येते. पण डग्गा कुठे गेला रे? ह्यांचा डावा हातच ऐकू येत नाही."

त्या दिवशी मी स्पीकर गाडीत घातले ते माझ्यासाठी नाही.

डग्गा फोनमध्ये का मावत नाही

काकूंचा कान बरोबर होता. 'धा' हा बोल दोन्ही हातांचा आहे: उजव्याने चाटेवर 'ना' आणि त्याच क्षणी डाव्याने डग्ग्यावर 'घे'. त्यातला डग्गा काढून टाकला की 'धा' चा 'ना' होतो आणि 'धिं' चा 'तिं'. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते तेव्हा डग्गा गप्प होतो आणि त्यावरूनच ऐकणाऱ्याला आवर्तनातली जागा कळते. फोनवर मात्र डग्गा आधीपासूनच गप्प. म्हणजे सोळाच्या सोळा मात्रा खाली!

यात फोनचा काही दोष नाही, अडचण भौतिकशास्त्राची आहे. आवाज म्हणजे हवेला दिलेले धक्के. सूर जितका खालचा, तितकी जास्त हवा हलवावी लागते. कंपनसंख्या निम्मी केली आणि आवाज तेवढाच मोठा हवा असेल, तर चौपट हवा हलवावी लागते. डग्ग्याचा मूळ सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमतो. फोनच्या स्पीकरचा पडदा एक-दोन चौरस सेंटिमीटरचा आणि त्याची हालचाल मिलिमीटरहूनही कमी. काकांच्या स्पीकरच्या वूफरचा पडदा साडेतीनशे चौरस सेंटिमीटरचा, आणि तो कित्येक मिलिमीटर पुढे-मागे जातो.

मग फोनवर खालचे सूर अजिबातच का हरवत नाहीत? कारण वाद्याच्या मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतले वरचे सूरही वाजत असतात. ते ऐकून मेंदू खालचा सूर कल्पनेने भरून काढतो. आपल्या तबल्याचे वरचे सूर असे पटीत असतात हे कोणा सामान्य माणसाचं निरीक्षण नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' मध्ये त्यावर लिहिलं होतं. साध्या ढोलाच्या कातड्याचे वरचे सूर बेशिस्त असतात, शाईच्या वजनामुळे ते ओळीत येतात. पण मेंदूने भरून काढलेल्या सुराला वजन नसतं. तो कळतो, छातीत जाणवत नाही. आणि तळहाताच्या दाबाने डग्ग्याचा सूर वर चढवत नेण्याची जी खुबी, ती तर जवळपास नाहीशी होते.

कॅसेटवर तरी डग्गा होता का? मी ती फाईल संगणकावर उघडून तिचा वर्णपट पाहिला. ९० हर्ट्झच्या जवळ दर 'धा' ला एक ठसठशीत ठिपका उमटत होता. काकांचा डावा हात तिथेच होता. त्याला बाहेर यायला दार हवं होतं.

खोक्यातली हवा हीच स्प्रिंग

हे स्पीकर 'ॲडव्हेंट' चे, केंब्रिजमध्ये ऑल्बनी स्ट्रीटवर ज्या कंपनीचा कारखाना होता तिचे. त्यांची गोष्ट मात्र थोडी आधी सुरू होते.

गुंडाळी, चुंबक आणि कागदी शंकू ही आजच्या स्पीकरची रचना अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडली. चुंबकाच्या फटीत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यातून प्रवाह गेला की ती पुढे-मागे सरकते आणि तिला चिकटलेला शंकू हवा ढकलतो. अडचण अशी, की शंकू पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. खालच्या सुरांची लहर लांब असते. ती कडेवरून वळून पुढे येते आणि दोन्ही एकमेकींना मारून टाकतात. म्हणून मागचा आवाज खोक्यात कोंडायचा. पण लहान खोक्यात कोंडलेली हवा शंकूला अडवते. म्हणून त्या काळी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढा स्पीकर घ्यावा लागे.

एडगर व्हिल्चर यांनी हा प्रश्न उलटा केला. हवा अडवतेच आहे, तर तिलाच कामाला लावू. शंकू धरून ठेवणाऱ्या काठाची आणि आतल्या कापडी आधाराची स्प्रिंग मुद्दाम अगदी ढिली ठेवायची आणि शंकूला जागेवर परत आणण्याचं काम बंद खोक्यातल्या हवेकडून करून घ्यायचं. हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा रबराच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी एकसारखी वागते, त्यामुळे आवाजातला बिघाडही कमी होतो. व्हिल्चर न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे वर्ग घेत. लष्करी नोकरीत असलेला हेन्री क्लॉस हा तरुण तिथे त्यांचा विद्यार्थी होता. दोघांनी मिळून १९५४ मध्ये केंब्रिजमध्ये 'अकूस्टिक रिसर्च' काढली. १९५६ मध्ये व्हिल्चर यांना पेटंट मिळालं. क्लॉस १९५७ मध्ये बाहेर पडून 'केएलएच' मध्ये गेले आणि १९६७ मध्ये त्यांनी 'ॲडव्हेंट' सुरू केली. सामान्य पगारदाराला परवडेल अशा किमतीत महागड्या स्पीकरइतका खालचा सूर द्यायचा, हा त्यांचा ध्यास होता. काकांचा पहिला पगार तिथे का गेला, ते आता कळतं.

हवेची स्प्रिंग खरंच किती कडक असते? सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहा, म्हणजे कल्पना येईल. मी मोजपट्टीने मापं घेऊन ढोबळ हिशेब केला. खोक्यात साधारण ४० लिटर हवा, पडदा ०.०३५ चौरस मीटर. पडदा फक्त १ मिलिमीटर आत ढकलला तर हवा सुमारे ४.३ न्यूटनने, म्हणजे जवळजवळ साडेचारशे ग्रॅम वजनाइतक्या जोराने परत ढकलते. काठ आणि कापडी आधार मिळून जोर लावतात तो जेमतेम सत्तर ग्रॅमचा. म्हणजे सातातला सहा भाग जोर एकट्या हवेचा.

स्प्रिंगला टांगलेलं वजन जसं ठरावीक वेगाने डोलतं, तसा शंकूलाही स्वतःचा एक डोल असतो. स्प्रिंग सातपट कडक झाली की डोलाची कंपनसंख्या साताच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे २.६ पट वाढते. खोक्याबाहेर १७ हर्ट्झला डोलणारा वूफर खोक्यात ४५ च्या जवळ जातो. त्याच्या खाली आवाज झपाट्याने कमी होत जातो, वर मात्र तो सपाट राहतो. डग्ग्याचा ९० हर्ट्झचा सूर या मर्यादेच्या आरामात वर. पुढे ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरीच्या सुरुवातीला या सगळ्याचं पक्कं गणित बसवलं. आज जगभर स्पीकर त्याच गणिताने बनतात.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत आहे: खोकं हवाबंद असलं पाहिजे.

जाळी काढली तेव्हा

हवाबंद कसलं! पुढची कापडी जाळी काढली तर शंकूच्या कडेने बोट जाईल एवढी फट. काठाच्या फोमची पट्टी जागोजागी गळून पडलेली. उरलेल्या फोमला बोट लावलं तर तो जुन्या चिकट गुळासारखा बोटाला लागला.

बरोबरच्या पाकिटात १९९० ची एक पावती सापडली. काकांनी तेव्हा एकदा फोम बदलून घेतला होता. म्हणजे मूळ फोम सोळा वर्षं टिकला आणि दुसरा बेसमेंटमध्ये संपला. "पण २००१ पासून ते कोणी वाजवलेच नाहीत," काकू म्हणाल्या. "न वापरता कसे खराब झाले?"

हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. ठेवणीतली पैठणी टिकते, मग ठेवणीतला स्पीकर का नाही? उत्तर रसायनात आहे. हा फोम पॉलियुरेथेनचा. जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये हा पदार्थ शोधला. त्याच्या लांब साखळ्यांमध्ये काही प्रकारांत एस्टर जातीचे बंध असतात. हवेतल्या बाष्पातलं पाणी हे बंध तोडतं. तुटलेल्या टोकाशी आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचा बंध तुटण्याचा वेग वाढवतं. म्हणजे एकदा सुरुवात झाली की नाश स्वतःच स्वतःला घाई करतो. दुसऱ्या प्रकारच्या, ईथर बंधांच्या फोमला पाणी फारसं काही करत नाही, पण ऑक्सिजन आणि उजेड त्याला खातात. फोमचा आकारही त्याच्या मुळावर येतो: सगळी भोकंच भोकं, त्यामुळे हवा लागायला पृष्ठभाग भरपूर. वाजवा किंवा न वाजवा, घड्याळ चालूच राहतं. मॅसॅच्युसेट्सच्या उन्हाळ्यातलं दमट बेसमेंट म्हणजे त्या घड्याळाला दिलेली जादा चावी. म्हणून दोष कोणा एका कंपनीचा नाही. त्या पिढीच्या असंख्य स्पीकरांची हीच कहाणी आहे आणि संग्रहालयांमध्ये फोमच्या वस्तू सांभाळणारे लोकही याच रसायनाशी झगडत असतात.

आधी तपासणी, मग खर्च

नवीन फोम मागवण्याआधी बाकीचं जिवंत आहे का ते पाहायला हवं होतं. त्याला तीन साध्या चाचण्या पुरतात.

पहिली मल्टिमीटरची. आठ ओहमच्या स्पीकरच्या गुंडाळीचा रोध मीटरवर सहाच्या आसपास दिसायला हवा. काहीच दिसलं नाही तर तार तुटली, शून्याजवळ दिसलं तर ती आतल्या आत जुळली. काकांचे दोन्ही वूफर आणि दोन्ही ट्वीटर शाबूत निघाले. या ट्वीटरला इथले शौकीन त्याच्या आकारावरून 'तळलेलं अंडं' म्हणतात.

दुसरी चाचणी दीड व्होल्टच्या साध्या सेलची. तारा क्षणभर टेकवल्या की शंकू 'टप्' करून हलतो. धन टोक धन खुणेला लावल्यावर तो बाहेरच्या बाजूला यायला हवा.

तिसरी हाताची. दोन्ही हातांची बोटं शंकूवर समोरासमोर ठेवून तो अलगद, सरळ आत दाबायचा. कान जवळ ठेवायचा. खरखर आली तर गुंडाळी चुंबकाला घासते आहे. दोन्ही वूफर निःशब्द सरकले. वीस वर्षं कोणी न वाजवल्याचा हा एक फायदा: फाटलेल्या फोमवर जोरात वाजवलेला स्पीकर गुंडाळी घासून कायमचा जातो.

पाठीमागच्या कळा मात्र गंजल्या होत्या. त्यात विजेच्या जोडांसाठी मिळणारा क्लीनर फवारून कळ तीस-चाळीस वेळा इकडेतिकडे केल्यावर ट्वीटर न कुरकुरता बोलू लागला. बुरशी पुसताना नाकाला मास्क आणि आतली काचलोकर हाताळताना हातमोजे, एवढं पथ्य पाळलं. ही काचलोकर काढून टाकायची नसते. तिच्यामुळे दाबलेल्या हवेची उष्णता शोषली जाते, हवेची स्प्रिंग जराशी मऊ होते आणि खोकं आहे त्यापेक्षा मोठं असल्यासारखं वागतं.

माझी घाई

नव्या फोमच्या पट्ट्या याच वूफरच्या मापाच्या मागवल्या. कोणी जाड रबराच्या लावा म्हणतात, त्या जास्त टिकतातही. पण रबर जड आणि कडक. त्याने शंकूचं वजन आणि स्प्रिंग दोन्ही बदलतात, आणि वरचा सगळा हिशेब विस्कटतो.

जुना फोम आणि गोंद काढायला दोन संध्याकाळी गेल्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवायचा, थोडं मऊ होऊ द्यायचं आणि बोथट पट्टीने खरवडायचं. शंकू कागदाचा असतो. जोर लावला की फाटला. मग आपल्या फेव्हिकॉलच्या जातीचा पांढरा गोंद: आधी फोम शंकूला चिकटवायचा, तो वाळला की बाहेरची कड चौकटीला.

इथे माझी घाई नडली. गुंडाळी ज्या फटीत हलते तिथे दोन्ही बाजूंना जागा असते काही दशांश मिलिमीटरची. बाहेरची कड चिकटवताना शंकू बरोबर मध्यभागी असायला हवा, नाहीतर गुंडाळी चुंबकाला टेकते. मी डोळ्यांवर भरवसा ठेवला, कडेला चिमटे लावले आणि झोपायला गेलो. दुसऱ्या दिवशी ३० हर्ट्झचा सूर सोडला आणि वूफरमधून जात्यावर दळल्यासारखी घरघर. गोंद दगडासारखा वाळला होता. तो सोडवताना नवी पट्टी फाटली. दुसरी मागवून यायला आठवडा गेला. सप्टेंबर संपत आला होता.

दुसऱ्या खेपेला शहाण्यासारखं केलं. शंकूच्या मधोमध जी छोटी गोल टोपी असते ती धारदार पात्याने कडेने कापून उचलली. आत गुंडाळीची नळी आणि मधला लोखंडी खांब दिसतो. त्या दोघांमधल्या फटीत चारी बाजूंनी जाड कागदाच्या सारख्या पट्ट्या सरकवल्या, म्हणजे गुंडाळीला मध्यावर राहण्यावाचून पर्याय उरला नाही. मग गोंद, चोवीस तास, पट्ट्या बाहेर आणि टोपी परत जागेवर. पुन्हा ३० हर्ट्झ. शंकू बाहेर-आत जाताना दिसत होता, पण आवाज नाही. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "बंद पडला का?" मी म्हटलं, "नाही, आता चालू झालाय."

कपॅसिटर: बदलायचे की नाही

स्पीकरच्या आत एक छोटा वाटाड्या असतो, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे पाठवणं हे त्याचं काम. ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर असतो. तो सुरानुसार वेगवेगळा अडथळा करतो. समजा तो १६ मायक्रोफॅरडचा असेल, तर १०० हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे १०० ओहम, १,००० हर्ट्झला १० आणि १०,००० हर्ट्झला फक्त १. डग्ग्याला दार बंद, चाटेला उघडं.

त्या काळच्या बहुतेक क्रॉसओव्हरांप्रमाणे यातही इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर होते: ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या घड्यांमध्ये ओला क्षार. तो वर्षानुवर्षं सुकत जातो, आतला रोध वाढतो, किंमत सरकते. अंदाजाने सगळं उपटून टाकणं मला पटत नाही, म्हणून प्रत्येकाचं एक टोक सोडवून मोजलं. एक कपॅसिटर वर छापलेल्या आकड्याच्या जवळपास दीडपट दाखवत होता. आकडा वाढलेला दिसला म्हणून तो बलवान झाला असं नाही. आतून वीज झिरपू लागली की मीटरही फसतं. दोन्ही स्पीकर सारखेच बोलायला हवेत, म्हणून जोडीने सगळे बदलले आणि न सुकणारे प्लास्टिकच्या पातळ थराचे घातले. यात एक बारकावा आहे. नव्यांचा आतला रोध जुन्यांहून कमी असतो, त्यामुळे ट्वीटर किंचित जास्त चमकतो. पाठीमागची कळ एक पायरी खाली केल्यावर तो निवळला.

मोजून पाहिलं

सगळं जोडल्यावर बोटाने वूफर हळूच आत दाबला आणि सोडला. हवाबंद खोक्यात शंकू चटकन उसळत नाही, अडखळत, सावकाश परत येतो. पहिला तसा आला. दुसरा झटकन आला, म्हणजे कुठेतरी हवा सुटत होती. स्क्रूच्या खालची पट्टी सुकली होती. तिथे मऊ पुट्टीची वळी दाबून बसवली, मग तोही नीट वागला.

मग खोक्यातला डोल मोजला. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १,००० ओहमचा एक रोध घालायचा आणि संगणकावरून एकेक सूर सोडत स्पीकरच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज पाहायचा. स्पीकरच्या स्वतःच्या डोलाशी शंकू सर्वांत मोकळेपणाने हलतो. हलणारी गुंडाळी चुंबकात उलटी वीज तयार करते, त्यामुळे प्रवाहाला अडथळा वाढतो आणि व्होल्टेजचा आकडा शिखर गाठतो. एका स्पीकरचं शिखर ४४ वर आलं, दुसऱ्याचं ४६ वर. कागदावरचा ढोबळ हिशेब म्हणत होता ४५. इतक्या वर्षांच्या दमट अंधारातून बाहेर आलेला शंकू आणि व्हिल्चर यांची कल्पना एकमेकांशी अजून खरं बोलत होते. त्या रात्री मी दोन वेळा चहा केला.

तरीही दोन्ही एकत्र वाजवल्यावर डग्गा पातळच. एकेकटा स्पीकर छान, जोडीने फुसका. अर्ध्या तासाने लक्षात आलं. सेलची चाचणी पुन्हा केली, तर एकाचा शंकू बाहेर येत होता आणि दुसऱ्याचा आत जात होता. एका वूफरच्या तारा मी उलट्या डागल्या होत्या. एक हवा ढकलत होता, दुसरा तीच ओढत होता. दोन तारांची अदलाबदल केली आणि खोलीतली जमीन भरून आल्यासारखी वाटली.

तुमच्याकडे अशी जोडी असेल तर

परदेशात आलेल्या पहिल्या पिढीच्या बेसमेंटमध्ये अशा वस्तू पुष्कळ आहेत. फेकण्याआधी किंवा थेट ॲम्प्लिफायरला जोडण्याआधी एवढं करा. जाळी काढून काठ बघा. फोम चिकट किंवा फाटका असेल तर मोठ्याने वाजवू नका, गुंडाळी वाचवा. मीटरने रोध पाहा. दोन्ही वूफर ठीक असतील तर फोम बदलणं हे घरी होणारं काम आहे, फक्त घाई नको. कपॅसिटर मोजून मग बदला. तारांच्या खुणांचे फोटो सोडवण्याआधीच काढून ठेवा. माझ्याकडे ते नव्हते. आणि दुरुस्त केल्यावर स्पीकर राहत्या, कोरड्या खोलीत ठेवा. नवा फोमही अमर नाही, पण त्याचं घड्याळ तिथे हळू चालतं.

नववी मात्रा

सात ऑक्टोबरला काकूंच्या घरी पोचलो. घर निम्मं रिकामं झालं होतं, गालिचे गुंडाळलेले. स्पीकर जुन्याच भिंतीला ठेवले, त्या भिंतीवर त्यांच्या आकाराचे दोन फिकट चौकोन अजून होते. काकू एका खोक्यावर बसल्या. मी १९८१ ची दिवाळी लावली.

तंबोरा सुरू झाला. कोणीतरी खोकलं. कोणीतरी चहाचा कप बशीत ठेवला. गाणाऱ्याने मुखडा घेतला आणि समेवर पहिला 'धा' आला, दोन्ही हातांचा. काकूंनी मान वर केली, पण काही बोलल्या नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवर ताल धरू लागला. नवव्या मात्रेला डग्गा थांबला आणि त्यांचा तळवा आपसूक वर वळला. खाली. आणि तेराव्या मात्रेनंतर 'धिं' बरोबर काकांचा डावा हात परत आला, तेव्हा तळवाही परत वळला.

तीन-चार आवर्तनं गेली. मग त्या हसल्या. "बघ, इथे लय वाढवली. गाणाऱ्याने नव्हती सांगितली. नेहमी असंच करायचे. मी म्हटलं की म्हणायचे, तुला भास होतो."

मी म्हटलं, "भास नाही, काकू. आता मोजूनही दाखवता येईल."

"नको," त्या म्हणाल्या. "पुढचं ऐकू दे."

नव्या घरात दोनच खोल्या आहेत. सोफ्याची जागा स्पीकरांनी घेतली आहे, आणि काकूंची या वेळी तक्रार नाही.